विद्यार्थी प्रदर्शनातील भित्तिआलेखन आणि दिशादर्शन

शाळा, कलामहाविद्यालये, डिझाईन संस्था व तत्सम शिक्षणसंस्थांत भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामाच्या प्रदर्शनासाठी भिंतींवर केलेले अक्षरांकन, चित्रांकन व रंगयोजना यांना भित्तिआलेखन, तर प्रेक्षकाला वाट दाखवणाऱ्या फलकांच्या व खुणांच्या व्यवस्थेला दिशादर्शन असे म्हणतात. दोन्हींचे संकल्पन सहसा एकत्रच केले जाते. ते दृश्यसंवाद, अक्षरकला, अंतर्गत सजावट आणि वास्तुरचना या विषयांच्या सीमेवर येते.

विद्यार्थी प्रदर्शन बहुधा प्रदर्शनासाठी बांधलेल्या वास्तूत भरत नाही. वर्गखोल्या, व्हरांडे, कार्यशाळा, सभागृह अशा एरवी वेगळ्या उपयोगाच्या जागांना काही दिवसांपुरते दालनाचे रूप द्यावे लागते. मांडलेली कामे अनेकांची, तयारीचा अवधी थोडा आणि निधी मर्यादित असतो. अशा वेळी कोणाचे काम पाहिले जाते आणि कोणाचे पाहायचे राहून जाते, हे कामाच्या गुणवत्तेइतकेच प्रेक्षक तेथपर्यंत पोचतो की नाही यावर अवलंबून राहते. प्रवेशद्वाराजवळच्या खोलीत गर्दी आणि वरच्या मजल्याच्या टोकाला शुकशुकाट, हे चित्र अशा प्रदर्शनांत नेहमीचे आहे. म्हणून भिंत आणि फलक यांची रचना हा सर्व सहभागी विद्यार्थ्यांना समान संधी देण्याचा प्रश्न मानला जातो.

## संज्ञा

'भित्तिचित्र' आणि 'भित्तिआलेखन' यांत फरक केला जातो. भित्तिचित्र ही स्वतंत्र कलाकृती असते. भित्तिआलेखन हे त्या जागेत मांडलेल्या इतर गोष्टींच्या सेवेसाठी असते. विभागाचे नाव, प्रास्ताविक मजकूर, क्रमांक, रंगाचे पट्टे, बाण, नकाशे, कालपट इत्यादींचा त्यात समावेश होतो. संपूर्ण भिंत व्यापणाऱ्या, वास्तूच्या कोपऱ्या-कडांची पर्वा न करता पसरणाऱ्या मोठ्या आकृत्यांना 'सुपरग्राफिक' असे म्हणतात.

अनोळखी जागेत आपण कोठे आहोत आणि इच्छित स्थळी कसे पोचावे, हे ठरवण्याच्या मानवी प्रक्रियेला 'मार्गशोधन' म्हणतात. दिशादर्शक फलक हे मार्गशोधनाला साहाय्य करणाऱ्या अनेक साधनांपैकी एक होय. उजेड, जिन्याची जागा, दूरवर दिसणारे ठळक काम आणि इतर माणसांची ये-जा यांवरूनही प्रेक्षक आपली वाट ठरवत असतो.

## इतिहास

### बाउहाउसचे १९२३ चे प्रदर्शन

शिक्षणसंस्थेच्या प्रदर्शनात भिंतींचा विचारपूर्वक उपयोग केल्याचे एक ठळक उदाहरण जर्मनीतील वायमार येथे आढळते. वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या बाउहाउस या शाळेला थुरिंगिया राज्याच्या निधीचा आधार होता. हा खर्च कोणत्या कामासाठी होतो ते जनतेसमोर मांडावे, अशी अपेक्षा राज्याकडून व्यक्त झाल्यावर १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर १९२३ या काळात शाळेने मोठे प्रदर्शन भरवले. 'कला आणि तंत्रज्ञान : एक नवे ऐक्य' हे त्याचे सूत्र होते. शाळेचे भवितव्य बऱ्याच अंशी या प्रदर्शनावर अवलंबून असल्यामुळे वस्तूंबरोबर खुद्द इमारतही प्रदर्शनाचा भाग बनवण्यात आली.

मुख्य इमारतीच्या एका जिन्याच्या भिंतींवर त्या वेळी विद्यार्थी असलेल्या हर्बर्ट बायर यांनी भित्तिचित्रे रंगवली. निळे वर्तुळ, तांबडा चौकोन आणि पिवळा त्रिकोण यांपैकी प्रत्येक मजल्यावर एक आकृती प्रधान ठेवली होती. आकृती व रंग यांच्या या जोड्या शाळेतील अध्यापक वासिली कान्डिन्स्की यांच्या शिकवणीतून आलेल्या होत्या. मजल्यागणिक रंग व आकार बदलण्याची ही कल्पना आजच्या इमारतींतील रंगसंकेतांची आठवण करून देते. प्रवेशदालनातील उत्थित शिल्पांचे काम योस्ट श्मिट यांनी केले. प्रदर्शनाचे भित्तिपत्रकही त्यांचेच होते. कार्यशाळेच्या इमारतीत ऑस्कर श्लेमर यांनी भित्तिचित्रे व उत्थित शिल्पे केली.

प्रदर्शनाची चर्चा दूरवर झाली, तरी १९२४ मध्ये राज्यातील सत्तांतरानंतर निधीत मोठी कपात झाली आणि १९२५ मध्ये शाळा डेसाऊ येथे हलवण्यात आली. १९३० मध्ये वायमार येथील संस्थेचे प्रमुखपद पाउल शुल्त्से-नाउम्बुर्ग यांच्याकडे आल्यावर श्लेमर यांची भित्तिचित्रे नष्ट करण्यात आली. बायर यांच्या जिन्यातील चित्रांची पुढे पुनर्निर्मिती झाली. ही इमारत आज बाउहाउस विद्यापीठाच्या वापरात असून वायमार व डेसाऊ येथील बाउहाउसच्या वास्तूंचा १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे.

डेसाऊ येथील नव्या इमारतीसाठी हिनर्क शेपर यांनी १९२६ मध्ये रंगांच्या साहाय्याने वाट सापडावी असा रंग-आराखडा तयार केला. बायर यांनी १९३० मध्ये पॅरिस येथील जर्मन वेर्कबुंडच्या प्रदर्शनासंदर्भात माणसाच्या दृष्टिक्षेत्राची आकृती मांडली. फलक केवळ डोळ्यांच्या उंचीवरच न लावता वर, खाली आणि तिरपेही लावता येतात, असे त्या आकृतीतून त्यांनी दाखवले.

### चित्रखुणा व मार्गशोधनाचा अभ्यास

व्हिएन्ना येथे ऑटो नॉयराट यांनी १९२० च्या दशकात सामाजिक आकडेवारी सामान्य माणसाला समजावी म्हणून चित्रखुणांची पद्धत विकसित केली. ती पुढे 'आयसोटाइप' या नावाने ओळखली गेली. तिच्या अनेक खुणा गेर्ड आर्न्ट्स यांनी रेखाटल्या. १९६४ च्या टोकियो आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये भाषेची अडचण दूर करण्यासाठी चित्रखुणांचे संच वापरले गेले. म्युनिकचा संच ओट्ल आयशर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. अमेरिकेत १९७४ मध्ये परिवहन विभागासाठी तयार झालेल्या ३४ खुणांच्या संचात १९७९ मध्ये आणखी १६ खुणांची भर पडली. स्वच्छतागृह, जिना, लिफ्ट, चौकशी यांसाठी अनेक देशांत दिसणाऱ्या खुणांवर या संचाचा प्रभाव आहे.

केव्हिन लिंच यांच्या 'द इमेज ऑफ द सिटी' (१९६०) या ग्रंथामुळे मार्गशोधन ही संकल्पना नगररचनेच्या अभ्यासात रूढ झाली. माणूस शहराचे मनातील चित्र वाटा, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा या पाच घटकांतून उभे करतो, असे लिंच यांचे प्रतिपादन होते. हेच घटक लहान प्रमाणावर महाविद्यालयाच्या इमारतीलाही लावता येतात. व्हरांडा ही वाट, जिन्याचा उतार हा चौक आणि अंगणातले झाड ही ठळक खूण ठरते. त्याच दशकात कॅलिफोर्नियातील सी रँच येथे बार्बरा स्टॉफाकर सॉलोमन यांनी रंगवलेल्या भिंतींमुळे सुपरग्राफिक हा प्रकार प्रसिद्धीस आला.

### महाराष्ट्रातील परंपरा

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ मध्ये झाली. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत तेथे भित्तिचित्राच्या शिक्षणाला विशेष महत्त्व आले. वेम्बली येथे १९२४ मध्ये भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी तेथील विद्यार्थ्यांनी एक भारतीय दालन सजवून पाठवले होते. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या इमारतीतही त्यांनी भित्तिचित्रे काढली. याच संस्थेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. १९६१ मध्ये त्याचे स्वतंत्र उपयोजित कला संस्थेत रूपांतर झाले. जाहिरात, अक्षरांकन व प्रदर्शन-मांडणी यांचे पद्धतशीर शिक्षण यातून उपलब्ध झाले. आयआयटी मुंबई येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक डिझाईन केंद्रात (आताचे आयडीसी स्कूल ऑफ डिझाईन) पदवी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले जाते. अक्षरकार र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग असतो.

कलासंस्थांबाहेर शाळांतील फलकलेखन, भित्तिपत्रके, स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शने आणि तालुका, जिल्हा व राज्य अशा पायऱ्यांनी भरणारी विज्ञान प्रदर्शने यांतून या कामाची एक लोकपरंपरा तयार झाली. रंगीत खडू, घोटीव कागद, क्रेप कागदाच्या पट्ट्या, कापलेली अक्षरे आणि प्रवेशद्वाराशी रांगोळी ही तिची परिचित साधने होत. थर्माकोलची कापीव अक्षरे अनेक वर्षे सर्वत्र वापरली जात होती. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंविषयी काढलेल्या अधिसूचनेनुसार सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास बंदी आली. त्यानंतर पुठ्ठा, कागद व कापड यांचा वापर वाढावा अशी अपेक्षा आहे.

## मार्गाचे नियोजन

फलकांची संख्या किंवा रूप ठरवण्यापूर्वी मार्ग ठरवला जातो. इमारतीचा साधा आराखडा काढून त्यावर प्रवेश, निर्गम, जिने, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि प्रत्येक दालन दाखवतात. नंतर प्रेक्षकाला 'आता कोणीकडे?' असा प्रश्न पडेल अशा जागांवर खूण करतात. या जागांना निर्णयस्थळे म्हणतात. दिशादर्शक फलक निर्णयस्थळी, वळण्याच्या थोडे आधी दिसेल असा असावा लागतो. दोन निर्णयस्थळांमधील अंतर जास्त असेल, तर आपण योग्य वाटेवर आहोत असा दिलासा देणारी एखादी छोटी खूण मध्ये ठेवली जाते.

कार्यानुसार फलकांचे चार प्रकार मानले जातात :

* ओळखदर्शक : दालन, विभाग किंवा काम यांचे नाव सांगणारे.
* दिशादर्शक : बाणासह वाट दाखवणारे.
* माहितीदर्शक : नकाशा, वेळापत्रक, प्रास्ताविक मजकूर इत्यादी.
* नियमदर्शक : 'स्पर्श करू नये', 'छायाचित्रणास अनुमती आहे' अशा सूचना देणारे.

एका दिशादर्शक फलकावर चार-पाचपेक्षा अधिक स्थळे दिल्यास चालता चालता वाचणे कठीण जाते. डावीकडचा बाण फलकाच्या डाव्या कडेला आणि उजवीकडचा उजव्या कडेला ठेवण्याची पद्धत आहे. एकाच दिशेची स्थळे एका गटात मांडली जातात. दालनाचे नाव सर्व फलकांवर, नकाशावर आणि निमंत्रणपत्रिकेत अक्षरशः सारखेच असणे आवश्यक असते. एका ठिकाणी 'मृत्पात्री विभाग' आणि दुसऱ्या ठिकाणी 'सिरॅमिक' असे लिहिल्यास नवख्या माणसाला ती दोन वेगळी दालने वाटतात.

'तुम्ही येथे आहात' अशी खूण असलेला नकाशा वाचणाऱ्याच्या उभे राहण्याच्या दिशेशी जुळवलेला असावा. समोर जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला असावे, असे मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांच्या १९८० च्या दशकातील अभ्यासातून दिसून आले आहे. त्यामुळे एकच नकाशा छापून तो निरनिराळ्या भिंतींवर लावणे योग्य ठरत नाही. प्रत्येक जागेसाठी तो फिरवून घ्यावा लागतो.

दूरच्या दालनाकडे प्रेक्षक वळावा म्हणून प्रवेशापासून तेथपर्यंत जमिनीवर किंवा भिंतीवर अखंड रंगीत पट्टा नेणे, व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीवर मोठा क्रमांक किंवा आकृती रंगवणे आणि तळमजल्यावरच सर्व सहभागी विद्यार्थ्यांची नावे दालन क्रमांकासह लावणे, हे उपाय प्रचलित आहेत. शेवटच्या उपायाचा विशेष उपयोग नातेवाइकांना होतो. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे काम कोठे आहे, हे त्यांना कोणालाही न विचारता कळते.

## भित्तिआलेखनाच्या पातळ्या

भिंतीवरील मजकूर वाचनाच्या अंतरानुसार तीन पातळ्यांत विभागला जातो. पहिली पातळी दुरून दिसणारी, म्हणजे प्रदर्शनाचे शीर्षक, विभागाचे नाव, क्रमांक. दुसरी पातळी दोन-तीन मीटरवरून वाचायची, म्हणजे विभागाचे प्रास्ताविक. हे सुमारे १०० ते १५० शब्दांत आटोपते घेतले जाते. तिसरी पातळी जवळून वाचायची कामाची पट्टी असते. तीवर विद्यार्थ्याचे नाव, कामाचे शीर्षक, माध्यम, वर्ष आणि गरजेनुसार दोन-तीन वाक्यांचा परिचय असतो. तिन्ही पातळ्यांच्या अक्षरांत स्पष्ट फरक नसेल, तर प्रेक्षकाला वाचनाचा क्रम लागत नाही.

पट्ट्यांवरील नावांची तपासणी हा या कामातील सर्वांत नाजूक भाग समजला जातो. हजेरीपटावरील रोमन लिपीतील नावांवरून देवनागरी नावे तयार केल्यास 'साठे' व 'साथे', 'काळे' व 'काले' असे घोटाळे होतात, कारण ट-त, ठ-थ, ळ-ल हे भेद रोमन लेखनात टिकत नाहीत. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याचे नाव त्याच्या हस्ताक्षरात देवनागरीत लिहून घेणे आणि छपाईपूर्वी कच्च्या प्रतीवर त्याची स्वाक्षरी घेणे, ही विश्वसनीय पद्धत होय.

चित्रे टांगताना त्यांचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवण्याची प्रथा आहे. भित्तिआलेखनाची मुख्य आडवी रेषा त्याच हिशेबाने ठरवली जाते. प्राथमिक शाळेतील प्रदर्शनात ही उंची मुलांच्या दृष्टीने कमी करावी लागते.

## देवनागरी अक्षरयोजना

दिशादर्शनाविषयीचे बरेचसे ठोकताळे रोमन लिपीसाठी तयार झालेले आहेत. ते देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उदाहरणार्थ, २५ मिलिमीटर उंचीचे मोठे रोमन अक्षर सुमारे सात ते आठ मीटर अंतरावरून वाचता येते, असे ढोबळमानाने धरतात. त्या हिशेबाने २० मीटर लांबीच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून वाचायच्या नावासाठी सुमारे ६५ ते ७० मिलिमीटर उंचीचे अक्षर लागते. देवनागरीत ही उंची मात्रा व उकार वगळून, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी लागते. संगणकावरील अक्षराचा आकडा मात्रा-उकारांची जागा धरून असतो. त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबल्यास प्रत्यक्ष अक्षर लहान राहते.

मात्रा, वेलांटी व रफार वर आणि उकार खाली येत असल्याने देवनागरी मजकुराच्या दोन ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते. अक्षराअक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कळीत दिसतो. रोमन शीर्षकांत शोभणारी ही युक्ती देवनागरीत टाळली जाते. गुंतागुंतीची जोडाक्षरे असलेल्या शब्दांसाठी फार जाड अक्षरवळण निवडल्यास अक्षरातील पोकळ जागा बुजतात.

मराठीत रूढ असलेली 'ल' आणि 'श' या अक्षरांची वळणे हिंदी छपाईत दिसणाऱ्या वळणांहून वेगळी आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींसाठी संकेतांक एकच असल्यामुळे कोणते वळण उमटेल हे निवडलेल्या टंकावर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे की नाही यावर ठरते. त्याचप्रमाणे 'दुसऱ्या मजल्यावर', 'पायऱ्या', 'कोपऱ्यात' यांसारख्या शब्दांतील अर्धा र काही संगणकप्रणालींत चुकीचा उमटतो आणि त्याचा रफार होतो. दिशादर्शनात हे शब्द वारंवार येत असल्याने ही चूक लक्षात येण्यासारखी असते. जुन्या आज्ञावलीत धारिका उघडल्यास पहिली वेलांटी अक्षरानंतर जाणे, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसणे असेही प्रकार घडतात. म्हणून मुद्रकाकडे धारिका पाठवण्यापूर्वी अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करतात आणि सोबत तपासणीसाठी चित्ररूप प्रत देतात.

मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरसंस्थेने तयार केलेला 'मुक्ता' हा मुक्त परवान्याचा टंक अनेक जाडींत उपलब्ध आहे. त्यात देवनागरी व रोमन अक्षरे परस्परांशी जुळवून काढलेली असल्याने तो द्वैभाषिक फलकांसाठी सोयीचा ठरतो.

## भाषा आणि शब्दयोजना

फलकावरील शब्द हा वाचणाऱ्याच्या तोंडी असलेला शब्द असावा, हे शब्दयोजनेचे मुख्य तत्त्व आहे. 'उद्वाहन' हा पारिभाषिक शब्द शुद्ध असला, तरी 'लिफ्ट' हा शब्द अधिक जणांना तत्काळ समजतो. 'निर्गमन' यापेक्षा 'बाहेर जाण्याचा मार्ग' हे शब्द सुबोध वाटतात. विभागांची नावे अभ्यासक्रमातील परिभाषेत ठेवायची असल्यास त्याखाली साधे स्पष्टीकरण देतात. जसे, 'दृश्यसंवाद' या नावाखाली 'जाहिराती, पुस्तके, खुणा आणि अक्षरे'.

महाराष्ट्रातील कला व डिझाईन संस्थांत इंग्रजीचा वापर मोठा असल्याने केवळ इंग्रजीत फलक लावले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी घरातून प्रथमच कोणीतरी महाविद्यालयात गेले आहे अशा कुटुंबांतील प्रेक्षकांना आपल्याच मुलांचे काम परक्या भाषेतून समजून घ्यावे लागते. द्वैभाषिक फलकांत दोन्ही भाषांचा दृश्य आकार सारखा ठेवणे, त्यांचा क्रम सर्वत्र एकच ठेवणे आणि जाडी किंवा रंग यांनी त्या वेगळ्या ओळखू येतील अशी व्यवस्था करणे आवश्यक मानले जाते. मराठी मजकूर इंग्रजीचे शब्दशः भाषांतर न करता स्वतंत्रपणे लिहिल्यास तो आटोपशीर होतो.

## साहित्य व तंत्रे

भिंतीचा पृष्ठभाग पाहून तंत्र निवडले जाते. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकट व्हिनाईल नीट टिकत नाही आणि काढताना रंगाचे पापुद्रे निघतात. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर ते लावण्यापूर्वी रंग पूर्ण वाळण्यास काही आठवडे द्यावे लागतात. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर कोणतीच चिकट वस्तू भरवशाची नसते. वारसा इमारतींत खिळे, चिकटपट्ट्या व रंग यांना सहसा परवानगी नसते. तेथे स्वतंत्र उभे फलक, टांगलेले कापड किंवा लाकडी चौकटी वापरतात.

व्हिनाईल अक्षरे यंत्रावर कापून, नको असलेला भाग सोलून, वाहक कागदाच्या साहाय्याने भिंतीवर बसवली जातात. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. कापण्यापूर्वी त्या संगणकावर एकसंध केल्या नाहीत, तर यंत्र प्रत्येक सांध्यावर कापते आणि शब्दाचे तुकडे होतात. लहान आकारातील अनुस्वाराचा ठिपका सहज निघून पडतो. 'रंग' या शब्दाचा 'रग' होण्यास तेवढे पुरेसे असते. म्हणून बारीक मजकुरासाठी कापीव अक्षरांऐवजी छापील कागद किंवा फलक वापरणे श्रेयस्कर ठरते.

हाताने रंगवलेली अक्षरे स्वस्त व टिकाऊ असतात आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाही भाग होऊ शकतात. गेरूत किंवा निळीत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर झटकला की सरळ रेषा उमटते. आकृती भिंतीवर उतरवण्यासाठी कागदावरील रेषेवर सुईने छिद्रे पाडून त्यांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवतात, चौकटी आखून आकृती मोठी करतात किंवा प्रक्षेपकाने ती भिंतीवर पाडून गिरवतात. प्रक्षेपक भिंतीशी काटकोनात नसेल, तर अक्षरे तिरकी होतात.

छापील फलक कागद, कापड, सनबोर्ड, एमडीएफ किंवा पुठ्ठ्यावर करतात. मोठ्या छपाईसाठी छायाचित्रे प्रत्यक्ष आकारात प्रति इंच १०० ते १५० बिंदूंची असली तरी पुरेशी ठरतात, कारण ती लांबून पाहिली जातात. चकचकीत थर दिलेल्या फलकावर दिव्याचा झोत पडल्यास मजकूर दिसेनासा होतो, म्हणून मंद पृष्ठभाग निवडतात. फ्लेक्स स्वस्त असला, तरी वापरानंतर त्याची विल्हेवाट लावणे कठीण असते.

अंतिम निर्मितीपूर्वी साध्या कागदावर खऱ्या आकाराची प्रत छापून ती जागेवर लावून पाहतात. अक्षरांचा आकार, उंची व प्रकाश यांतील बहुतेक दोष या अल्पखर्ची चाचणीत उघड होतात.

## सुगम्यता व सुरक्षितता

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने सार्वजनिक जागा सुगम्य असण्यावर भर दिला आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकासाठी पायऱ्यांविना जाणारा मार्ग पहिल्याच फलकावर दाखवावा लागतो. तो मार्ग इमारतीच्या मागून असल्यास तेथेही तेवढेच स्पष्ट फलक असावे लागतात. उताराचे प्रमाण १ : १२ पेक्षा तीव्र नसावे, असा संकेत आहे. जेथे लिफ्ट नाही तेथे वरच्या मजल्यावरील कामांचा छायाचित्रसंग्रह तळमजल्यावर ठेवणे हा किमान उपाय होय.

अक्षरे व पार्श्वभूमी यांत गडद-फिक्याचा पुरेसा विरोध असावा. तांबडा व हिरवा यांतील भेद काही जणांना, विशेषतः पुरुषांना, जाणवत नाही. त्यामुळे विभाग केवळ रंगाने वेगळे न दाखवता रंगासोबत क्रमांक, नाव किंवा आकृती देतात. बायर यांच्या १९२३ च्या जिन्यात रंगाला आकाराची जोड होती, ती या दृष्टीनेही उपयुक्त ठरते. अंध प्रेक्षकांसाठी भारती ब्रेलमधील पट्ट्या आणि हाताळता येण्याजोगे नमुने ठेवता येतात.

आपत्कालीन निर्गमाचे हिरवे-पांढरे फलक, अग्निशामक नळकांडी व विजेची बटणे कोणत्याही आलेखनाने झाकली जाऊ नयेत. धावत्या माणसाची निर्गमखूण आयएसओ ७०१० या मानकात समाविष्ट असून तिच्याशी गल्लत होऊ नये म्हणून प्रदर्शनाच्या बाणांसाठी तोच हिरवा रंग वापरणे टाळतात. जिन्याच्या पायऱ्यांवर चिकटवलेले कागद निसरडे होऊ शकतात.

## पडताळणी व देखभाल

फलक लावून झाल्यावर इमारत अपरिचित असलेल्या व्यक्तीला एखाद्या दालनाचे नाव देऊन ते शोधण्यास सांगतात. ती जेथे थांबते, मागे वळते किंवा कोणाला विचारते, तेथे फलक अपुरा किंवा चुकीच्या जागी आहे असे समजतात. रोज त्या वास्तूत वावरणारे विद्यार्थी व शिक्षक यांना ही उणीव दिसत नाही. प्रदर्शनकाळात स्वयंसेवकांना वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची नोंद ठेवून त्याच दिवशी पूरक फलक लावले जातात. यासाठी कोरे फलक, बाण व चिकटपट्टी राखून ठेवतात.

समारोपानंतर भिंती पूर्ववत करणे, पुन्हा वापरता येणारे फलक साठवणे आणि संपूर्ण मांडणीची छायाचित्रे व आराखडे जतन करणे ही कामे उरतात. विद्यार्थी दरवर्षी बदलत असल्याने अशी नोंद नसल्यास पुढील तुकडीला सर्व काही पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.

## मर्यादा व आक्षेप

भित्तिआलेखन फार उठावदार झाल्यास त्यापुढे विद्यार्थ्यांचे काम फिके पडते, असा आक्षेप घेतला जातो. रंगीत भिंतीवर टांगलेल्या चित्राचे रंग बदललेले भासतात. म्हणून कामामागची भिंत पांढरी किंवा करडी ठेवून रंगांचा वापर व्हरांडे, जिने व प्रवेश यांपुरता करण्याची पद्धत आहे. प्रवेशद्वारावरील फलकात प्रायोजक व मान्यवर यांच्या छायाचित्रांना मोठी जागा मिळून प्रदर्शनाचे नाव, वेळ आणि दालनांची माहिती कोपऱ्यात जाणे, हा दोषही अनेक ठिकाणी आढळतो. याउलट फलकांची संख्या वाढवून सदोष मार्गरचना झाकता येत नाही. मार्ग मुळात गोंधळाचा असेल, तर प्रथम दालनांचा क्रम बदलणे हाच अधिक परिणामकारक आणि कमी खर्चाचा उपाय ठरतो.

## हेसुद्धा पहा

* बाउहाउस
* सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट
* देवनागरी
* युनिकोड
* भित्तिचित्र